शेजाऱ्यांसाठी रांधलेलं

माझी मुलगी अमेरिकेत राहते. दर नोव्हेंबरात एका शुक्रवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा गुरुवारची संध्याकाळ असते. कॉलवर ती मला एक टेबल दाखवते. टेबल तिचं नाही, समोरच्या घरात एक म्हातारी राहते, तिचं आहे. मुलगी नवी नवी गेली होती तेव्हा त्या बाईनं दार वाजवून सांगितलं होतं, की तुझे आईबाप इथं नाहीत, तर या दिवशी तू माझ्या घरी जेवायचं. तेव्हापासून ती तिथंच जेवते, आता जावईही जेवतात. त्या दिवसाला थँक्सगिव्हिंग म्हणतात. आभाराचं जेवण. पीक घरात आलं की ज्यांचं आपल्यावर काही आहे त्यांना बोलवायचं, आपल्या भागात पिकलं तेच रांधायचं, आणि घास घेण्याआधी एकेकानं सांगायचं की मी कोणाचे आभार मानतो. पूजा नाही, नारळ नाही, मुहूर्त नाही.

मला हे फार आवडलं. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाहीत. पीक आल्यावर गावातले बाकीचे लोक जे जे करतात त्यातलं आम्ही काही करत नाही. ते ठीकच आहे. पण माझ्या मनात नेहमी यायचं की धान्य घरात येते, भाजी घरात येते आणि आपण नुसते खात बसतो, हे बरं दिसत नाही. कोणाला तरी काहीतरी म्हटलं पाहिजे.

तर मागच्या वर्षी, पोळा झाला आणि माझ्या वाडीतल्या वेलाला कोहळे धरले तेव्हा मी ठरवलं, की या नोव्हेंबरात आपणही असं जेवण करायचं. कोणाला बोलवायचं हा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यांना.

शेजारी म्हणजे कोण ते सांगते. आमचं घर गावाच्या टोकाला आहे, वडनेरकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरामागं अर्ध्या एकराची वाडी, वाडीला काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडं त्यांचं घर आणि वावर. दोघं नवराबायको आणि एक मुलगा. मोठी शेती, घरी माणसांचा राबता. आमची बोअर आटली त्या वर्षी मी हातपंपावरून बादल्या आणून आणून वांग्याची रोपं जगवत होते. एक दिवस ते गृहस्थ कुंपणापाशी उभे राहिले आणि म्हणाले, काकू, अशानं कंबर जाईन तुमची, माझ्या विहिरीवरून पाइप टाका आणि दिवसाआड तासभर पाणी घेत जा. मी मागितलं नव्हतं. त्यांनी आपणहून दिलं. सात वर्षं झाली त्याला. उन्हाळ्यातसुद्धा त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर झाले. शेजाऱ्यांच्या विहिरीवरची मोटार बिघडली की हेच जाऊन नीट करायचे. पण त्या गोष्टीचा आणि पाण्याचा संबंध ना त्यांनी कधी लावला ना आम्ही.

तेव्हा वाडीत जे काही पिकते ते त्यांच्या पाण्यावर पिकते. वांगी, वाल, कोहळं, अंबाडी, मुळा, सांभार. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा, आमच्याकडे असंच म्हणतात. आठवड्यातून एकदा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कापडी थैली घेऊन कुंपणापाशी यायची आणि मी ती भरून द्यायची. ती मला काकू म्हणते. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल, पण मी तिला वहिनीच म्हणते, तशीच सवय पडली. गोड बाई आहे. आजही गोडच म्हणीन. सणावाराला तिच्याकडून आमच्याकडे डबा यायचा, पुरणपोळीचा, करंज्यांचा. मी खायची, यांना द्यायची, आणि डबा धुऊन त्यात चार लिंबं नाहीतर मूठभर वाल घालून परत करायची. रिकामा डबा मी कधी पाठवला नाही.

यांना मी जेवणाचं सांगितलं तेव्हा हे ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, "येतीन. पण जेवतीन नाई."

"काऊन नाई जेवतीन? सात वर्षं माझ्या वाडीतलं खाऊन राह्यले ते."

"पाहा मग," एवढंच बोलले.

मला राग आला. मी म्हटलं तुम्ही जुन्या काळात बसले आहात. त्यांचा पोरगा नागपूरला हॉस्टेलला राहतो, सगळ्यांसोबत एका मेसमध्ये जेवतो. आपली पोरगी अमेरिकेत परक्या बाईच्या टेबलावर जेवते. आणि तुम्ही इथं तेच धरून बसले. यांनी चष्मा डोळ्यांना लावला. हे भांडत नाहीत, हा यांचा मोठा दोष आहे. समोरचा माणूस भांडला तर आपल्यालाही कळते की आपण कुठं उभे आहोत.

खरं सांगते, यांचं म्हणणं माझ्या मनात कुठंतरी होतंच. नसतं तर मी पुढचा महिनाभर जे केलं ते केलं नसतं.

आधी दिवस. तिकडे गुरुवारी असते, म्हणून मी गुरुवार धरला होता. मग लक्षात आलं की मार्गशीर्ष लागला असेल तर वहिनीचा गुरुवारचा उपास असते. आमच्या घरी तिथींचं कॅलेंडर नसते, म्हणून मी किराणा दुकानात गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून पाहिलं. सोमवार तिचा. मंगळवार आणि शनिवार तिच्या मालकांचा. एकादशी, चतुर्थी सोडायची. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे असतात. दुकानदार म्हणाला, काकू, लग्न जमवून राह्यल्या काय? मी म्हटलं हो, असंच समजा. शेवटी बुधवार निघाला. बुधवारी त्यांच्या घरात कोणालाच काही नव्हतं. मी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं, म्हणजे कोणाला उपासाचं निमित्त राहू नये. आता लिहिताना कळते की ज्या घरी आपण पाहुण्याची सगळी निमित्तं आधीच मोजून काढतो, त्या घरी पाहुणा येणार नाही हे आपल्यालाही ठाऊक असते.

मग काय रांधायचं. तिकडे ते एक मोठा पक्षी भाजतात. हे म्हणाले, आपला कोंबडा आहे, तो कापू. मी म्हटलं शेजाऱ्यांच्या घरी मांसमच्छी नाही. तेव्हा सगळं शाकाहारी, आणि सगळं आपल्या हातचं नाहीतर आपल्या माणसांचं, दुकानातलं शक्यतो काही नाही. गहू आणि ज्वारी वडनेरला माझा भाऊ पिकवते, त्यानं पाठवली. तूर आमच्या वाडीच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, मागच्या साली भरडून ठेवलेली. यंदाच्या शेंगा अजून भरल्या नव्हत्या, नाहीतर ओल्या दाण्यांची आमटी केली असती, तिची रुखरुख राहिली. तूप कारंज्याहून बहिणीनं दिलं, तिच्याकडे गवळाऊ गाय आहे, पांढरीशुभ्र, आणि तूप असं दाणेदार की बोटाला लागते. जवस जावेच्या माहेरचा. तेल मात्र दुकानातलं, त्याला इलाज नाही. मीठही. हे हसून म्हणाले, मिठासाठी आता मुंबईला जा.

रोडगे करायचे ठरवले. रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे गोळे, आत तूप लावून थर घातलेले आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्या भागात वावरातलं जेवण म्हटलं की हेच. त्याच्यावर अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, वालाच्या शेंगा, जवसाची चटणी, सांभारवडी आणि गोडाला कोहळ्याची बोंडं, गुळातली, तेलात तळलेली. वहिनीला बोंडं आवडतात हे मला माहीत होतं. कोहळं देताना दरवेळी तीच सांगायची, काकू, आज बोंडं करते.

आणि भांडी. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. माझ्या पातेल्यात कधी ना कधी कोंबडी शिजली आहे, कढईत मासे तळले आहेत. म्हणून मी हिंगणघाटला जाऊन दोन पातेली, एक कढई आणि पाच ताटं नवीन आणली. तिघं ते, दोघं आम्ही. दुकानदारानं विचारलं नाव घालायचं का, तर मी म्हटलं नको. वहिनीला सांगायचं म्हणून मनात वाक्यही तयार ठेवलं होतं, की वहिनी, सगळी भांडी कोरी आहेत. कोणी मला असं सांगितलं असतं तर मी काय समजले असते? पण तेव्हा मी आनंदात होते. मुलीला फोनवर ताटं दाखवली. ती म्हणाली, आई, तू तर इथल्यापेक्षा मोठं थँक्सगिव्हिंग करून राहिलीस.

आठ दिवस आधी मी आमंत्रण द्यायला गेले. त्यांच्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, तिथं बसवलं, चहा आला. गृहस्थ म्हणाले, एवढं काऊन करता काकू, पाणी काय माझ्या घरचं आहे, भुईतलं आहे. असं बोलणारा माणूस. मी म्हटलं तुम्ही दिलं म्हणून आलं. पुढच्या बुधवारी तिघंही जेवायला या, बारा वाजता, मुलगा नागपूरहून आला असेल तर त्यालाही आणा. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, येऊ ना काकू, पाहू. मी 'येऊ' ऐकलं. 'पाहू' ऐकलं नाही.

मंगळवारी मी वाडीतून वांगी तोडली, लहान लहान, काटेरी देठांची. डाळ निवडली. कणिक भाजी सगळं मनात रचून ठेवलं. बुधवारी सकाळी लवकर उठले. हे न सांगता उठले आणि अंगणात गोवऱ्या रचल्या. रोडगे यांनीच भाजले. यांना पटलेलं नव्हतं, तरी दोन तास निखाऱ्यापाशी बसून एक एक रोडगा उलटत होते, राख झटकत होते, फडक्यानं पुसून टोपल्यात ठेवत होते. अकरापर्यंत सगळं तयार झालं. मी ओट्यावर सतरंजी टाकली, पाच ताटं मांडली, पाण्याचे तांबे भरले आणि साडी बदलली.

साडेअकराला वहिनी आली. एकटी. हातात कापडी थैली.

मला वाटलं थैलीत काही आणलं असेल. ती ओट्याच्या पायरीपाशी उभी राहिली, वर आली नाही. चेहऱ्यावर नेहमीचं हसू. म्हणाली, काय वास सुटला आहे काकू, रस्त्यापर्यंत येऊन राह्यला. मग म्हणाली की आमच्या यांना अचानक हिंगणघाटला जावं लागलं, कापसाची गाडी जिनिंगला लावायची होती. मुलाचं पोट बिघडलं. आणि मी एकटी कशी जेवू, बरं नाही दिसत.

मी म्हटलं, मुलाला राहू द्या, तुम्ही तर बसा. तुमच्या मालकांचं ताट मी झाकून ठेवते, संध्याकाळी येतील तेव्हा जेवतील. मी सकाळपासून तुमच्यासाठीच रांधून राह्यली.

तिनं थैली पुढं केली. "तुम्ही असं करा काकू," ती म्हणाली, "कच्चंच द्या. वांगे द्या, थोडं कोहळं द्या. मी घरी रांधीन. आम्ही तुमचंच जेवलो असं होईल. तुमच्या मनालेही बरं वाटन."

ती हे वाईट मनानं बोलली नाही. मला त्याचाच त्रास होते. तिला खरंच वाटत होतं की तिनं वाट काढली, माझाही मान राहिला आणि तिचाही. शिधा मागायला कोणी येते तसं ती माझ्या दारात उभी होती, आणि तरी वरची तीच होती.

मी काय केलं? मी थैली घेतली. वाडीत गेले, वांगी तोडली, वाल तोडले, सांभार उपटला, अर्धं कोहळं कापून घातलं. माझे हात आपोआप चालत होते, सात वर्षांची सवय. आणि परत येताना काय मनात आलं कोणास ठाऊक, टोपल्यातले दोन रोडगे कागदात गुंडाळून मी थैलीत वर ठेवले. वहिनीनं थैली घेतली, कागद उघडून पाहिला आणि दोन्ही रोडगे काढून हळूच ओट्यावर ठेवले. सतरंजीवर नाही, कडेला, फरशीवर. म्हणाली, "हे राहू द्या काकू. यांना गव्हाचं जमत नाही."

त्यांच्या घरी रोज गव्हाच्या पोळ्या होतात. सकाळी त्यांच्या खिडकीतून पोळीचा वास माझ्या वाडीत येते.

ती गेली. हे अंगणातून सगळं पाहत होते. मला वाटलं आता म्हणतील, सांगितलं होतं ना. म्हटले असते तर मी यांच्यावर ओरडून मोकळी झाले असते. पण यांनी हातपाय धुतले, येऊन सतरंजीवर बसले, तीन ताटं उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "वाढ. थंड झाल्यावर रोडग्यात मजा नाई." आम्ही दोघं जेवलो. हे चार रोडगे जेवले, एरवी दोनात संपते यांचं. भाजीची तारीफ केली. मी कोणाचे आभार मानायचे ते ठरवून ठेवलं होतं, पण ते बोलायचं राहूनच गेलं.

उरलेलं गल्लीत वाटता आलं असतं. विहाराजवळच्या बायकांनी आनंदानं खाल्लं असतं. पण मग कशाचं जेवण होतं, कोण येणार होतं, हे सांगावं लागलं असतं. आम्ही दोन दिवस तेच खाल्लं. बोंडं तिसऱ्या दिवशी कोंबड्यांना टाकली.

गुरुवारी दुपारी वहिनी कुंपणापाशी आली आणि हाक मारली. हातात स्टीलचा डबा. म्हणाली, तुमच्याच वांग्यांची भाजी आहे काकू, आमच्या यांनी तर बोटं चाटली, चव पाहा. मी कुंपणावरून डबा घेतला. कोमट होता. घरात आणून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि समोर बसून राहिले. झाकण काढलं नाही.

तेव्हा मला सात वर्षं दिसली. माझ्याकडून तिकडे जायचं ते कच्चं. तिकडून माझ्याकडे यायचं ते शिजलेलं. एकदाही उलटं झालं नाही. मी देणंघेणं पाहत होते, गोडवा पाहत होते, पण काय कुठल्या रूपात कुंपण ओलांडते ते मी पाहिलंच नाही. माझ्या घरी गृहस्थ किती वेळा आले, मोटारीचं काम सांगायला, आणि मी चहा विचारला की म्हणायचे, डॉक्टरनं चहा सोडायला लावला. बसस्टँडच्या टपरीवर त्यांना चहा पिताना मी पाहिलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, बाहेर पितात, घरी बायको ओरडत असेल. त्यांच्या पडवीत मला चहा येते तो कागदी कपात. मला वाटायचं, मोठ्या घरची रीत, भांडी घासायचा त्रास नको म्हणून. त्याच पडवीत, त्याच वेळी, गृहस्थांचा कप चिनीमातीचा असायचा. माझ्या लहानपणी ओंजळीत वरून पाणी ओतत, ते तर डोळ्यांना दिसायचं, लहान पोरालाही कळायचं. हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. आणि यांना ते पहिल्या वर्षीच कळलं होतं. बारा वेळा मोटार दुरुस्त केली, चहा बारा वेळा विहिरीपाशीच आला, हे यांनी मला नंतर सांगितलं. मी विचारलं, मग बोलले काऊन नाही? तर म्हणाले, तुझी वाडी हिरवी होती.

शुक्रवारी सकाळी मुलीचा फोन आला. टेबल, मेणबत्त्या, कोहळ्याचा गोड पदार्थ, जावई, आणि ती म्हातारी, पांढऱ्या केसांची, लाल स्वेटर घातलेली. तिनं कॅमेऱ्यात हात हलवला, मीही हलवला. मुलगी म्हणाली, आई, कसं झालं जेवण? किती जण होते?

"दोघं," मी म्हटलं.

तिला वाटलं शेजारचे दोघं. म्हणाली, मुलगा नाही आला का? मग म्हातारीनं मध्येच काही विचारलं आणि मुलीनं मला मराठीत सांगितलं, की ही विचारते, तुमच्या शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं.

मी म्हटलं, वांगी आवडली.

ते खोटं नव्हतं. म्हातारीला सांगितल्यावर ती खूश झाली, तिनं टाळी वाजवली. मुलीनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण तिच्या ताटात कोणीतरी वाढत होतं, तिला तिकडे वळावं लागलं. माझी पोरगी तिथं, ज्यांचं तिच्याशी काही नातं नाही त्यांच्या टेबलावर, त्यांच्या हातचं जेवत होती. ते पाहून आईला बरं वाटायला पाहिजे, आणि वाटलंही. पण त्याच वेळी माझ्या पाठीमागं ओट्यावर तो डबा होता. फोन ठेवला, डबा उचलला आणि मी त्यांच्या घरी गेले.

वहिनी पडवीत तुरीची डाळ पाखडत होती. उठून म्हणाली, बसा ना काकू. मी उभीच राहिले. डबा तिच्या हातात दिला. जड लागला म्हणून तिनं झाकण उघडून पाहिलं. भाजी तशीच होती.

"खाल्ली नाही? राग आला का काकू?"

मी म्हटलं, "राग नाही वहिनी. तुम्ही माझ्या घरी जेवाल त्या दिवशी मी तुमच्या घरचं खाईन. तोपर्यंत डबा नका पाठवू."

ती खाली पाहत राहिली. पदर सारखा केला. म्हणाली, तुम्हाला तर माहीत आहे, आमच्या सासूबाईंचं किती कडक होतं. मी म्हटलं, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यावर ती म्हणाली, "माझ्या हातात काय आहे काकू? यांना विचारावं लागते. आणि यांना त्यांच्या भावांना तोंड द्यावं लागते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ते पाणी पाहून दया यायला पाहिजे होती. नाही आली. मी वळले तेव्हा मागून हळूच म्हणाली, "वांगे मात्र लय गोड होते." अजूनही तिला काहीतरी चांगलं द्यायचं होतं मला.

घरी येऊन मी यांना सांगितलं, आता पाणी बंद होईल. हे म्हणाले, होऊ दे. शनिवारी पाण्याची पाळी होती. लाइट यायच्या वेळेला मी पाइपापाशी जाऊन उभी राहिले. वांग्याची पानं लोंबली होती, सांभार पिवळा पडायला लागला होता. खरं सांगते, पाणी बंद व्हावं असंच मला वाटत होतं. म्हणजे मला त्यांच्यावर सरळ रागावता आलं असतं, गावात सांगता आलं असतं. मोटारीचा आवाज आला आणि पाणी आलं, नेहमीसारखं, भरपूर. मी पाइप उचलला आणि वाफे भरले. रोपांची काय चूक, असं मनात म्हटलं, पण ते खरं कारण नव्हतं. वाडी मरू द्यायची माझी हिंमत नव्हती. ज्या घरी माझा रोडगा फरशीवर ठेवला जाते, त्या घरचं पाणी मी अजून घेते. हे लिहायला बसले तेव्हा हे सांगायचं टाळणार होते.

पाणी येते, पण वहिनीची थैली त्या दिवसापासून आली नाही. ती येत नाही आणि मी नेऊन देत नाही. त्या हिवाळ्यात वांगी इतकी लागली की झाडावर पिवळी पडली, बिया टणक झाल्या. कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांना सकाळी रस्त्यावर थांबवून मी पदरात घालत होते. त्या विचारायच्या, काकू, यंदा एवढं वाटून काऊन राह्यल्या? मी म्हणायची, जास्त झालं.

मोटार पुढं एकदा बिघडली तर गृहस्थांनी हिंगणघाटहून मिस्त्री आणला. यांना बोलावलं नाही. हे दिवसभर अंगणात खुर्ची टाकून पलीकडे चाललेलं काम ऐकत बसले होते. मिस्त्री चुकीचं बेअरिंग घालून राह्यला, असं म्हणाले. उठून गेले नाहीत.

वहिनी रस्त्यात भेटते. गाव लहान, भेटल्याशिवाय कसं होईल? ती थांबते, मीही थांबते. आधी ती भेटली की पहिला शब्द असायचा, झालं का जेवण काकू. आपल्याकडे सगळेच विचारतात, त्यात काही विशेष नाही. आता ती तोंड उघडते, जरा अडखळते आणि म्हणते, बरं आहे ना?

मी म्हणते, बरं आहे.